शंका-समाधान : कापूस आगीमुळेच जळतो का?

मागील अंकात एका उत्तराच्या ओघात मध्ययुगीन युरोपीय विद्यापीठांतील तत्त्वज्ञानाचा, म्हणजे ज्याला स्कोलॅस्टिक परंपरा म्हणतात तिचा, आणि तिच्यातील 'आदिकारणा'चा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर मुंबईतील वाचकांनी एवढ्या शंका विचारल्या आहेत की या वेळचा संपूर्ण स्तंभ त्याच विषयाला दिला आहे. प्रश्न संक्षेपाने छापले असून एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : 'प्रत्येक गोष्टीला कारण असते, म्हणून जगालाही कारण असले पाहिजे आणि ते कारण म्हणजे ईश्वर' असे म्हटल्यावर 'मग ईश्वराचे कारण कोणते?' हा प्रश्न शाळकरी मुलालाही सुचतो. थॉमस अ‍ॅक्वायनससारख्या बुद्धिमंताला तो सुचला नसेल, हे मनाला पटत नाही.
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : आपली शंका रास्त आहे, परंतु तिच्यातील पहिले विधान अ‍ॅक्वायनसचे नाही. अ‍ॅक्वायनसने (१२२५–१२७४), या ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञाने, 'सुम्मा थिऑलॉजिए' या ग्रंथात ईश्वरसिद्धीचे पाच मार्ग सांगितले आहेत. त्यांतील दुसऱ्या मार्गाचा आरंभ असा आहे की, इंद्रियांना प्रतीत होणाऱ्या जगात निमित्तकारणांची, म्हणजे कार्य घडवून आणणाऱ्या कारणांची, एक क्रमबद्ध रचना आढळते आणि त्यात कोणतीही वस्तू स्वतःचेच कारण असलेली आढळत नाही. ज्याला आपले अस्तित्व किंवा सामर्थ्य दुसऱ्याकडून मिळते त्याला कारण लागते, एवढेच तो म्हणतो; 'प्रत्येक गोष्टीला' लागते असे तो कोठेही म्हणत नाही. पाठ्यपुस्तकांनी हे वाक्य त्याच्या माथी मारले आणि मग त्याचे खंडनही तत्परतेने केले.

खरा गैरसमज मात्र याहून खोलवर आहे. आदिकारण म्हटले की आपले मन काळात मागे मागे जाऊ लागते: मुलाचा बाप, बापाचा बाप, आणि असेच जाता जाता कोठेतरी एक पहिला पुरुष. अ‍ॅक्वायनसला अशा प्रकारचा आरंभ सिद्ध करावयाचाच नव्हता. जगाला आरंभ आहे हे तो श्रद्धेने मानीत असे, पण ते बुद्धीने सिद्ध करता येत नाही, असे त्याने स्वच्छ लिहिले आणि त्यासाठी बोनाव्हेंचरसारख्या समकालीनांशी मतभेद पत्करला. यासाठी त्याने लोहाराचे उदाहरण घेतले आहे. एक हातोडा मोडला म्हणून लोहाराने दुसरा घेतला, तो मोडल्यावर तिसरा घेतला, आणि हे अनंत काळ चालत आले आहे असे मानले तरी त्यात तर्कदृष्ट्या काही बिघडत नाही, कारण आजचा हातोडा जो घाव घालतो तो कालच्या मोडक्या हातोड्याच्या बळावर घालत नाही. बापाचेही तसेच: तो मुलाला जन्म देतो तो माणूस म्हणून, आजोबांचा मुलगा म्हणून देत नाही. अशा साखळीला स्कोलॅस्टिक पंडित आनुषंगिक क्रम म्हणत.

दुसऱ्या प्रकारची साखळी निराळी. हात काठीला हलवतो आणि काठी दगडाला ढकलते, तेव्हा काठीपाशी स्वतःचे असे बळ नसते. ते उसने असते आणि हात हलतो आहे तोवरच असते. आपण मुलुंडचे, म्हणून लोकलचा दाखला देतो. लोकलचे मोटार-डबे बाकीच्या डब्यांना ओढून नेतात हे खरे, पण ओढण्याची शक्ती त्यांना ओव्हरहेड वायरमधून त्या त्या क्षणी मिळत असते. काल याच रुळांवरून धावलेल्या गाड्यांची यादी कितीही मागे नेली, तरी आत्ताची गाडी का धावते आहे याचे उत्तर त्या यादीत सापडत नाही. अ‍ॅक्वायनसचा प्रश्न कालच्या गाड्यांविषयी नसून या क्षणीच्या वायरविषयी आहे, आणि वायरीची लांबी वाढवून वीज निर्माण होत नाही, हे त्याचे म्हणणे आहे.

जॉन डन्स स्कोटस (निधन १३०८) याने हा भेद सर्वांत काटेकोरपणे मांडला. सारभूत क्रमात, म्हणजे या दुसऱ्या प्रकारच्या साखळीत, नंतरचे कारण आपले कार्य घडवण्यासाठीच आधीच्या कारणावर अवलंबून असते. दोन्ही कारणे वेगळ्या दर्जाची असतात. आणि कार्य घडताना ती सर्व एकाच वेळी हजर असावी लागतात. बाप आणि आजोबा यांच्या क्रमाला यांपैकी एकही अट लागू पडत नाही.

आपल्याकडील न्यायशास्त्राच्या अभ्यासकांना हे परके वाटू नये. बीजापासून अंकुर आणि अंकुरापासून बीज ही अनादि परंपरा नैयायिक दोषास्पद मानीत नाहीत. जी अनवस्था, म्हणजे कधीच न संपणारी मालिका, मूळ प्रतिपादनच उखडून टाकते तीच दोष ठरते. दहाव्या शतकातील उदयनाचार्य कार्यकारणपरंपरा अनादि मानतात आणि तरीही 'न्यायकुसुमांजली'त ईश्वरसिद्धीसाठी कार्यत्वाचाच, म्हणजे जग हे कार्य आहे याचाच, आधार घेतात, हे लक्षात घेतले की 'काळात आरंभ नाही' आणि 'ईश्वर नाही' ही दोन विधाने एकच नाहीत, हे मध्ययुगीन पॅरिसला न जाताही कळते.

याचा अर्थ अ‍ॅक्वायनसचा युक्तिवाद निर्दोष आहे असा नाही. सारभूत क्रमाची साखळी कोठेतरी थांबते हे मान्य केले, तरी अशा सगळ्या साखळ्या एकाच ठिकाणी थांबतात हे त्यातून निघत नाही. ऑकमचा विल्यम (निधन १३४७) याने या युक्तिवादातील कच्चा दुवा हेरला. वस्तू उत्पन्न करणारी कारणे एकामागून एक येऊन नाहीशी होऊ शकतात, त्यामुळे त्यांची अनंत परंपरा नाकारणे तत्त्वज्ञाला अवघड जाते. पण वस्तूला या क्षणी अस्तित्वात टिकवून धरणारी कारणे मात्र आत्ताच हजर असली पाहिजेत आणि एकाच वेळी हजर असलेली अनंत कारणे मानता येत नाहीत. म्हणून 'प्रथम उत्पादक' सिद्ध करण्यापेक्षा 'प्रथम धारक' सिद्ध करणे सोपे, असे त्याचे मत होते. माझ्या मते संपूर्ण वादातील हे सर्वांत प्रामाणिक पाऊल आहे.

प्रश्न : अ‍ॅरिस्टॉटलची चार कारणे आणि न्यायातील समवायी, असमवायी व निमित्त ही तीन कारणे यांची जुळणी कशी करावी? मार्गदर्शक पुस्तकात एक तक्ता आहे, पण तो नीट बसत नाही.
— तत्त्वज्ञानाची विद्यार्थिनी, विलेपार्ले

उत्तर : तक्ता बसत नाही, कारण तो बसण्यासारखा नाही. मूर्तीच्या उदाहरणात दगड हे उपादान, मूर्तीचा आकार हे आकारिक कारण, शिल्पकार हे निमित्त आणि पूजा हे प्रयोजन, इथपर्यंत सर्व सुरळीत चालते. उपादानाजागी समवायी कारण आणि शिल्पकाराजागी निमित्तकारण ठेवता येईल. पण आकारिक कारणाजागी असमवायी कारण ठेवू गेलो की अडते: पटाचे, म्हणजे वस्त्राचे, असमवायी कारण म्हणजे तंतूंचा परस्परसंयोग, आणि संयोग हा गुण आहे. उलट अ‍ॅक्वायनसच्या मते घोड्याचे घोडेपण हा हाडामांसावर चढलेला गुण नसून ज्यामुळे ते हाडमांस मुळात घोडा ठरते ते तत्त्व आहे. प्रयोजनाला तर न्यायाच्या या त्रयीत स्वतंत्र आसनच नाही.

तक्त्यापेक्षा उपयोगी असा एक भेद सांगतो. पर्शियन तत्त्ववेत्ता इब्न सीना (निधन १०३७) याने निमित्तकारणाचे दोन अर्थ वेगळे केले. निसर्गाचा अभ्यासक ज्याला निमित्तकारण म्हणतो ते गतीचे कारण होय. तत्त्ववेत्त्याच्या दृष्टीने मात्र जे अस्तित्व देते तेच खरे निमित्तकारण. गवंडी विटा हलवतो, त्याची हालचाल थांबते आणि विटांची हालचालही थांबते. घर उभे राहते ते गवंड्यामुळे नव्हे, कारण तो निघून गेल्यावरही घर उभेच असते. खरे कारण कार्याच्या सोबत असते, आधी येऊन निघून जात नाही. इब्न सीनाने हा भेद ज्या तत्त्वमीमांसेच्या ग्रंथात केला तो बाराव्या शतकात स्पेनमधील टोलेडो येथे अरबीतून लॅटिनमध्ये गेला, आणि आधीच्या उत्तरातील 'धारक कारणा'ची कल्पना त्या मार्गाने पॅरिसला पोहोचली. परीक्षेत तक्ता मागितला तर काढावा, पण त्याखाली हे दोन परिच्छेद लिहावेत.

प्रश्न : आगीमुळे कापूस जळतो हे आपण केवळ सवयीने मानतो, त्यात कोणतीही अनिवार्यता दिसत नाही, हा विचार डेव्हिड ह्यूमने अठराव्या शतकात प्रथम मांडला असे आम्ही शिकवीत आलो. मध्ययुगात तो कोणालाच सुचला नव्हता काय?
— एक निवृत्त शिक्षक, गिरगाव

उत्तर : सुचला होता, आणि तोही कापसाच्याच उदाहरणासह. इस्लामी धर्मशास्त्रज्ञ अल-गझाली (१०५८–११११) याने १०९५ च्या सुमारास पूर्ण केलेल्या 'तहाफुत अल-फलासिफा' या ग्रंथाच्या सतराव्या प्रकरणात म्हटले आहे की, ज्याला आपण सवयीने कारण मानतो आणि ज्याला कार्य मानतो त्या दोहोंत अनिवार्य संबंध नाही. आगीचा स्पर्श झाल्यावर कापूस जळतो हे डोळ्यांना दिसते; आगीमुळे जळतो हे दिसत नाही. 'सोबत घडणे' आणि 'मुळे घडणे' यांतील फरक पटवण्यासाठी त्याने एका आंधळ्याची कल्पना केली आहे. दिवस-रात्र हा भेद त्या माणसाने कधी ऐकलेला नाही. भर दिवसा त्याच्या डोळ्यांवरचा पडदा दूर होतो आणि त्याला रंग दिसू लागतात. आपल्या उघडलेल्या डोळ्यांमुळेच रंग दिसतात, अशी त्याची खात्री पटते. संध्याकाळी सूर्य मावळतो, सर्व काळोखात जाते, आणि डोळे उघडे असूनही काही दिसत नाही, तेव्हा त्याला कळते की रंग दिसण्याचे कारण सूर्यप्रकाश होता. आपल्या सर्व कारणांच्या मागे न मावळणारा असा एखादा सूर्य नसेलच कशावरून, असा गझालीचा रोख आहे. त्याचा हेतू धार्मिक होता. अग्नीत टाकलेला इब्राहीम जळला नाही, हा चमत्कार शक्य ठरावा म्हणून अग्नीचे दाहकत्व त्याला ईश्वराच्या इच्छेवर सोपवायचे होते. पण हेतू कोणताही असो, युक्तिवाद आपल्या पायांवर उभा आहे.

कॉर्डोबाचा तत्त्ववेत्ता इब्न रुश्द याने (११२६–११९८) याला उत्तर दिले ते तिखट आहे: जो कारणे नाकारतो तो बुद्धीच नाकारतो, कारण कारणांसह वस्तू जाणणे यापेक्षा बुद्धी म्हणजे दुसरे काही नाही. प्रत्येक वस्तूला तिची विशिष्ट कृती नसेल तर तिला विशिष्ट स्वभावही उरत नाही, आणि मग तिला नाव तरी कशाच्या आधारे द्यावे?

अ‍ॅक्वायनसपर्यंत वस्तूंचे कारणत्व नाकारणारा हा पंथ पोहोचला तो मुख्यतः ज्यू तत्त्ववेत्ता मायमोनिडीस याने केलेल्या वर्णनातून. 'सुम्मा काँत्रा जेंतीलेस'च्या तिसऱ्या भागात अ‍ॅक्वायनसने या पंथाचा समाचार घेतला आहे. आग तापवीत नाही, आगीच्या सान्निध्यात ईश्वरच तापवतो, असे मानले तर आगीजवळ थंडावा आणि बर्फाजवळ उष्णता का निर्माण होऊ नये, याला उत्तर राहत नाही. कार्यांवरून वस्तूंचे स्वभाव ओळखण्याचा मार्ग बंद होतो, म्हणजे निसर्गाचे शास्त्रच बंद होते. आणि तिसरा मुद्दा मला विशेष मोलाचा वाटतो: सृष्टीचे सामर्थ्य कमी लेखणे म्हणजे स्रष्ट्याचे सामर्थ्य कमी लेखणे. जो दुसऱ्याला समर्थ करू शकत नाही, सर्व काही स्वतःच करीत बसतो, तो कर्ता उणा. ईश्वराच्या गौरवासाठी वस्तूंना दुबळे करण्याची ओढ भक्तांना नेहमीच असते; तिला एका धर्मशास्त्रज्ञानेच घातलेला हा लगाम आहे.

यानंतर वादाला वेगळे वळण मिळाले. ७ मार्च १२७७ रोजी पॅरिसचा बिशप एतियेन ताँपिए याने २१९ विधाने निषिद्ध ठरवली. दुय्यम कारणाशिवाय, म्हणजे आगीसारख्या सृष्टीतील कारणाशिवाय, ईश्वर त्या कारणाचे कार्य घडवू शकत नाही, हे मतही त्या निषिद्धांत होते. म्हणजे आगीशिवाय दाह घडवणे ईश्वराला शक्य आहे, हे आता प्रत्येक अध्यापकाने मान्य करणे भाग होते. मग समोरचा एखादा दाह आगीनेच घडवला, हे कोणी कसे सिद्ध करणार? स्कोटसने एक तत्त्व पुढे केले: जे इच्छाशक्ती नसलेल्या कारणापासून बहुतांशी घडते, ते त्या कारणाचे स्वाभाविक कार्य होय. ऑकम याहून सावध होता. कार्यकारणसंबंध हा कारण व कार्य यांच्याखेरीज कोणता तिसरा पदार्थ नव्हे, असे तो म्हणतो. एक असताना दुसरे होते आणि नसताना होत नाही, हे अनुभवून आपण कारण ओळखतो, आणि दुय्यम कारणाने कार्य घडवले हे काटेकोर अर्थाने सिद्ध करता येत नाही, हेही तो मोकळेपणाने सांगतो. मात्र आग तापवते याविषयी त्याला स्वतःला शंका नव्हती.

शंका घेतली ती ओत्रकूरच्या निकोलसने. पॅरिसमधील या अध्यापकाने बर्नार्ड नावाच्या फ्रान्सिस्कन साधूला लिहिलेल्या पत्रांत अशी भूमिका घेतली की, व्याघाताचा नियम (एकच विधान एकाच वेळी खरे आणि खोटे असू शकत नाही) ही निश्चिततेची एकमेव कसोटी आहे, आणि एक वस्तू आहे यावरून तिच्याहून भिन्न अशी दुसरी वस्तू आहे हे त्या कसोटीवर कधीही निघत नाही. आग कापसाजवळ आणली आणि अडथळा नाही, म्हणून तो जळेल, हे अनुमान निश्चित नाही. लोहचुंबक लोखंड ओढेल, ही पूर्वीच्या अनुभवांतून आलेली अटकळीची सवय आहे, ज्ञान नाही. १३४६ मध्ये त्याची अनेक विधाने दोषी ठरली आणि नोव्हेंबर १३४७ मध्ये पॅरिसला त्याला ती जाहीरपणे मागे घेऊन आपले लेखन जाळावे लागले. (कारणांवर शंका घेणाऱ्या लेखनाची राख करण्यासाठी आगीचाच आश्रय घेतला गेला, हे इब्न रुश्दला आवडले असते.) पुढे तो मेट्स येथील कॅथेड्रलच्या धर्ममंडळाचा प्रमुख झाला, म्हणजे चर्चने त्याला अगदीच टाकले नाही.

पॅरिसचाच अध्यापक झाँ बुरिदाँ याने जे उत्तर दिले त्यावर पुढील कित्येक पिढ्यांनी काम भागवले. निश्चितता एकाच प्रतीची नसते, असे तो म्हणतो. ईश्वर मनात आणील तर काहीही घडू शकेल हे खरे, परंतु निसर्गाचा नेहमीचा क्रम चालू आहे असे गृहीत धरून जी निश्चितता मिळते ती निसर्गाच्या शास्त्राला पुरेशी आहे. तिच्याकडून व्याघातनियमाएवढी निश्चितता मागणारे लोक शास्त्राचे नुकसान करतात.

उदयनाचार्यांनी चार्वाकाला दिलेले उत्तर याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. 'व्याघातावधिराशङ्का' असे ते म्हणतात: शंकेलाही मर्यादा आहे आणि ती म्हणजे शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्या वागण्याशी येणारा विरोध. धुरासाठी जो न चुकता विस्तव शोधायला जातो, त्याने विस्तव हे धुराचे कारण आहे की नाही अशी शंका बोलून दाखवू नये. बुरिदाँ शास्त्राच्या व्यवहाराकडे बोट दाखवतो, उदयन शंका घेणाऱ्याच्या व्यवहाराकडे. मला उदयनांचे बोट अधिक टोचणारे वाटते, पण त्याने निकोलसचे तोंड बंद होईल असे वाटत नाही, कारण व्यवहारासाठी अटकळ पुरते हे निकोलसने आधीच मान्य केले आहे.

ह्यूमकडे परत येतो. आपण शिकवलेत ते सर्वस्वी चूक नाही. निकोलसने 'निश्चितता नाही' एवढे दाखवले. कारणाची कल्पनाच आपल्या मनात कोठून येते, हा प्रश्न ह्यूमने १७३९ मध्ये विचारला आणि त्याचे उत्तर मनाच्या सवयीत शोधले. ते नवे होते. अनिवार्यता डोळ्यांना दिसत नाही, हे मात्र त्याच्या आधी साडेसहाशे वर्षे लिहिले गेले होते.

प्रश्न : सुईच्या टोकावर किती देवदूत नाचू शकतात, यावर हे लोक वाद घालत असत ना? अशांचे कार्यकारणविचार आज का वाचावेत?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : सुईचे टोक आणि नाच ही नंतरच्या काळातील थट्टा आहे. अ‍ॅक्वायनसने विचारलेला प्रश्न 'अनेक देवदूत एकाच ठिकाणी असू शकतात काय?' असा आहे. त्याचे उत्तर 'नाही' असे आहे आणि त्याचे कारण नेमके आपल्या विषयातले आहे. देवदूताला शरीर नाही, म्हणून तो जागा व्यापीत नाही; एखाद्या ठिकाणी त्याचे सामर्थ्य लागू होते, एवढाच तेथे असण्याचा अर्थ. आणि एकाच कार्याची दोन पूर्ण व साक्षात कारणे असू शकत नाहीत.

आता थट्टा बाजूला ठेवून हे तत्त्व अ‍ॅक्वायनसच्याच दुसऱ्या मताला लावून पाहा. आग तापवते हे खरे आणि त्या तापण्याचे कारण ईश्वरही आहे, असे तो म्हणतो. मग कोणी किती वाटा उचलला? त्याचे उत्तर असे की वाटे पडत नाहीत. कार्य संपूर्णपणे दोघांचे असते, पण वेगवेगळ्या पातळीवर, जसे लिहिलेले अक्षर सगळेच्या सगळे लेखणीचे असते आणि सगळेच्या सगळे लेखकाचेही. सेंट-पूर्सांचा ड्युरँडस याला हे पटले नाही. ईश्वर वस्तूंना सामर्थ्य देतो आणि वस्तू व सामर्थ्य दोन्ही टिकवून धरतो; कार्य मात्र वस्तू स्वतः करते, त्यात ईश्वराने पुन्हा हात घालण्याची गरज नाही, असे त्याचे म्हणणे. याउलट गझाली म्हणतो की सगळे ईश्वरच करतो. या दोन टोकांमधील वाट फ्रान्सिस्को सुआरेझने १५९७ मध्ये सालामान्का येथे प्रसिद्ध झालेल्या आपल्या तत्त्वमीमांसेच्या ग्रंथात विस्ताराने आखली. त्यात कारणांचाच विचार बाराव्यापासून सत्ताविसाव्या चर्चेपर्यंत चालतो. (धोबी तलावचे सेंट झेवियर्स महाविद्यालय १८६९ मध्ये ज्या येशूसंघाने स्थापन केले, त्याच संघाचा हा पंडित.) ड्युरँडसच्या मताविरुद्ध त्याने एक चमत्कारच पुढे केला: बायबलमधील तीन तरुण भट्टीत जळले नाहीत. ईश्वराने आग विझवली नाही किंवा मध्ये पडदा घातला नाही. त्याने आपले सहकार्य काढून घेतले, असे मानले तरच आग आग राहून ते जळले नाहीत याची संगती लागते. गझालीने ज्या प्रकारच्या चमत्कारासाठी आगीचे सामर्थ्य नाकारले, त्याच प्रकारच्या चमत्कारासाठी सुआरेझ ते सामर्थ्य राखून ठेवतो. आज हे वाचावे ते यासाठी.

प्रश्न : बाप्तिस्म्याच्या पाण्यात कृपा देण्याची शक्ती असते, की पाणी हे केवळ निमित्त आणि देणारा ईश्वरच? धर्मशिक्षणात दोन्ही ऐकले आहे.
— एक कॅथलिक वाचक, मनोरी

उत्तर : दोन्ही ऐकले, कारण मध्ययुगात दोन्ही शिकवले जात असे. वादाचे ठरलेले उदाहरण शिशाच्या नाण्याचे होते. राजाने जाहीर केले की अमुक शिशाचे नाणे आणून देईल त्याला शंभर पौंड मिळतील. नाण्यात शंभर पौंडांचे सामर्थ्य नाही, ते आहे राजाच्या वचनात. तरीही नाणे दाखवल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. संस्कारविधी तसाच, असे एका पक्षाचे मत होते, आणि स्कोटस व ऑकम यांचा कल तिकडे आहे. अ‍ॅक्वायनसने हे उदाहरण घेऊनच नाकारले: मग पाणी ही केवळ खूण उरते, कारण उरत नाही. त्याच्या मते पाणी हे सुताराच्या हातातील कुऱ्हाडीसारखे साधनकारण होय. पलंग घडतो तो सुताराच्या कलेसारखा, कुऱ्हाडीसारखा नव्हे, तरी कुऱ्हाड आपल्या धारेने खरोखरच कापते आणि पलंग घडवण्यात खरोखर भाग घेते. १५४७ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने संस्कारविधी कृपा प्रदान करतात एवढे ठरवले. कोणत्या प्रकारच्या कारणाने, हे ठरवले नाही. त्यामुळे आपल्याला दोन्ही ऐकवणारे दोघेही मर्यादेतच बोलत होते.

प्रश्न : प्रयोजन हे कारण कसे असू शकते? जे अजून अस्तित्वातच नाही ते आजच्या कृतीला कसे घडवणार?
— एक वाचक, दादर

उत्तर : ही अडचण इब्न सीनाला ठाऊक होती. त्याचे उत्तर असे की प्रयोजन प्रत्यक्षात शेवटी येते, पण कर्त्याच्या मनात आधी येते, आणि तेथून ते निमित्तकारणाला कारण बनवते. वैद्याच्या मनात आरोग्याची कल्पना नसेल तर तो औषध देणार नाही. बुरिदाँने यावर विचारले की मग खरे कारण ही मनातील कल्पना आणि इच्छा झाली, म्हणजे पुन्हा निमित्तकारणच झाले, प्रयोजनाकडे वेगळे काय उरले? मनुष्याच्या बाबतीत या प्रश्नाला तोंड देता येते. पण झाडाला, दगडाला, आगीला मन कोठे आहे? अ‍ॅक्वायनसने पाचव्या मार्गात बाणाचा दाखला दिला: बाणाला लक्ष्य ठाऊक नसते, तरी तो लक्ष्याकडे जातो, कारण सोडणाऱ्याला ते ठाऊक असते. ऑकमने याला दिलेले उत्तर कोरडे आहे. केवळ बुद्धीने चालणारा माणूस म्हणेल की निसर्गाच्या क्रियांत 'कशासाठी' हा प्रश्नच उद्भवत नाही. आग कशासाठी उत्पन्न होते, हा काही प्रश्न नव्हे. सुआरेझने प्रयोजनाला खरे कारण म्हणून राखले, पण त्याचा कारभार जाणत्या कर्त्यांपुरता ठेवला, आणि जड वस्तूंचे प्रयोजन त्यांना चालवणाऱ्या ईश्वराच्या संकल्पात नेऊन ठेवले. सतराव्या शतकातील पदार्थविज्ञानाच्या अनेक पुरस्कर्त्यांनी प्रयोजनकारण आपल्या शास्त्रातून वगळले, त्यापूर्वीच ते वस्तूंमधून निघून मनांमध्ये जाऊन बसले होते.